निष्ठा कॅनडाशी आहे, मग शपथ राजाची कशाला? कॅनडातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

कॅनडातल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, आता टोरांटोजवळच्या मिसिसागात राहते. माझा सिटिझनशिपचा अर्ज पुढे गेलाय, टेस्टही पास झालेय, आता फक्त शपथविधीचं बोलावणं यायचं बाकी आहे. हे पत्र त्या शपथेबद्दलच आहे, कारण आपल्याकडे गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, कोणाच्या घरी जेवायला जमलो की हा विषय निघतो आणि दर वेळी दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे "अगं फॉर्मॅलिटी आहे ती, बोलून टाकायचं" आणि दुसरी "आपण बाहेरून आलेली माणसं, आपण कशाला यात पडायचं". मला दोन्ही पटत नाहीत आणि का पटत नाहीत ते एकदा नीट मांडायचंय. लांबेल थोडं, पण वाचा.

आधी शपथेत काय आहे ते बघू. उजवा हात वर करून आपण म्हणतो की कॅनडाचे राजे तिसरे चार्ल्स (ब्रिटनचे राजे तेच कॅनडाचेही) आणि त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांच्याशी मी प्रामाणिक राहीन, खरी निष्ठा बाळगीन. मग पुढे येतं की कॅनडाचे कायदे पाळीन, राज्यघटना पाळीन जी फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या मूळनिवासी लोकांचे हक्क आणि करार मान्य करते, आणि नागरिक म्हणून माझी कर्तव्यं पार पाडीन. या पुढच्या भागाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट तो मला मनापासून आवडतो. मूळनिवासींच्या हक्कांचा उल्लेख त्यात जून २०२१ मध्ये आला, मूळनिवासींवर झालेल्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने २०१५ मध्ये शपथ बदलायची शिफारस केली होती त्यानंतर. माझा प्रश्न पहिल्या ओळीचा आहे. देशाशी, इथल्या लोकांशी निष्ठा असं त्या शपथेत कुठेच नाही, निष्ठा आहे ती एका माणसाशी आणि त्याच्या घराण्याशी.

माझ्या मिस्टरांची शपथ कोविडच्या काळात झूमवर झाली. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, शेजारी कात्री ठेवलेली, कारण शपथविधीत कॅमेऱ्यासमोर आपलं पीआर कार्ड (कायम वास्तव्याचं ओळखपत्र) कापून दाखवायला सांगतात. आधी इंग्रजी मग फ्रेंच अशी ती शपथ त्यांनी म्हटली, तेव्हा नाव राणी एलिझाबेथचं होतं. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली आणि त्यांची निष्ठा त्याच क्षणी चार्ल्सकडे गेली, कारण "वारस आणि उत्तराधिकारी" हे शब्द आधीच म्हणून झाले होते. त्यांना कोणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती, कायद्याने ते बरोबरच आहे. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की आपण ज्याला फॉर्मॅलिटी म्हणतो ती पिढ्यान्‌पिढ्या चालणारी गोष्ट आहे, अजून जन्मालाही न आलेल्या माणसाशी आपण इमान राखायचं कबूल करतो.

आणि मी राजाच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. साताऱ्याची माणूस राजाच्या विरोधात कशी असेल, छत्रपतींची गादी ज्या गावात तिथे मी वाढले, ६ जूनला राज्याभिषेकाचे फोटो मीही टाकते. पण आपल्याकडे शपथेला किंमत होती. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे मागे घ्यायचा नसतो, लढाईआधी, तहाआधी, भाऊबंदकीच्या वाटण्यांत लोक बेलभंडाऱ्यावर हात ठेवून बोलायचे आणि ते मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नसायची. ज्या लोकांची ही परंपरा आहे त्यांनी आपल्या पोराबाळांसमोर "काही नसतं गं त्यात, नुसतं ओठ हलवायचे" असं म्हणावं हे मला खरंच खटकतं. एक तर शपथ खरी घ्यावी, नाहीतर खरी घेता येईल अशी शपथ मागून घ्यावी.

आता लोक म्हणतात कोर्टाने यावर निकाल दिलाय, विषय संपला. दिलाय खरा. चार्ल्स रोच नावाचे टोरांटोतले वकील होते, त्रिनिदादहून आलेले, गुलामगिरी सोसलेल्या पूर्वजांचे वंशज. ब्रिटिश राजमुकुट हे आपल्या माणसांच्या छळाचं चिन्ह आहे, त्याची शपथ मी घेणार नाही म्हणून ते कित्येक दशकं या देशात राहून, इथे वकिली करून, लोकांसाठी लढूनही नागरिक झाले नाहीत, नागरिक नाही म्हणून त्यांना मत देता येत नव्हतं. ते २०१२ मध्ये वारले. त्यांची लढाई मग तिघांनी पुढे नेली, एक आयर्लंडचे मायकेल मॅकअटीर, एक रास्ताफारी पंथाच्या सिमोन टोपी, आणि एक टोरांटो युनिव्हर्सिटीतले गणिताचे प्राध्यापक द्रोर बार-नतान. २०१४ मध्ये ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने सांगितलं की तुम्ही शपथेचा अर्थ फार शब्दशः घेताय, इथे राणी म्हणजे ती व्यक्ती नव्हे, राणी म्हणजे आपली शासनपद्धती, आपली लोकशाही, आपली घटना यांचं प्रतीक आहे, आणि शपथ घेतल्यावर तुम्हाला राजेशाहीच्या विरोधात बोलायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, हवं तर जाहीरपणे सांगा की तो भाग मला मान्य नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी बार-नतान यांनी शपथ घेतली आणि लगेच तिथेच राणीबद्दलचा भाग मागे घेत असल्याचं सांगितलं.

कोर्टाचा मान ठेवूनच बोलते, पण हा निकाल वाचून मला तर आपली बाजू अजून पक्की वाटली. राजा हे घटनेचं आणि लोकशाहीचं प्रतीक आहे ना, मग शपथेत सरळ घटना आणि लोकशाहीच लिहा की! ज्याचं प्रतीक आहे ती गोष्ट समोर असताना आधी प्रतीकाचं नाव घ्यायचं, मग मनात त्याचा अर्थ लावायचा, मग पटत नसेल तर बाहेर येऊन मागे घ्यायचं, हा एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आणि एक नवा नागरिक, आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि त्याने आपल्या पहिल्याच सार्वजनिक वचनातला अर्धा भाग परत घ्यायचा, याने शपथेचा मान वाढतो का कमी होतो तुम्हीच सांगा. २०२३ मध्ये सरकारने प्रस्ताव आणला होता की समारंभ न करता ऑनलाइन टिक करून शपथ घेता यावी, त्यावर किती लोक नाराज झाले आठवतंय ना? म्हणजे शपथ महत्त्वाची आहे हे सगळ्यांनाच वाटतं. मग तिच्यातले शब्दही महत्त्वाचे धरा.

टेस्टसाठी आपण सगळ्यांनी जे "डिस्कव्हर कॅनडा" पुस्तक पाठ केलं त्यात सरकारने आपली बाजू मांडलीय आणि ती मी हलक्यात घेत नाही. त्यात म्हटलंय की आपण घटनेसारख्या कागदाशी, झेंड्याशी किंवा देशासारख्या भूराजकीय घटकाशी निष्ठेची शपथ घेत नाही, सगळ्या कॅनेडियन लोकांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या एका व्यक्तीशी घेतो. या विचारामागे काही आहे, कागदापेक्षा माणूस जवळचा वाटतो हे खरंच आहे. पण एकाच राजाची प्रजा असण्याने माणसं एकमेकांची होतात हे आपल्या इतिहासात एकदा तपासून झालंय आणि त्याचं उत्तर व्हँकुव्हरच्या बंदरात मिळालंय.

२३ मे १९१४. कोमागाटा मारू जहाज व्हँकुव्हरला आलं, त्यात ३७६ हिंदुस्थानी माणसं, बहुतेक पंजाबातले शीख, काही मुसलमान, काही हिंदू. ते सगळे पंचम जॉर्जची प्रजा होते आणि कॅनडातले गोरे लोकही पंचम जॉर्जचीच प्रजा होते. जहाज भाड्याने घेऊन आलेले गुरदित सिंग आणि त्यांच्या लोकांचं म्हणणं हेच होतं की आम्ही ब्रिटिश प्रजाजन आहोत, साम्राज्यात कुठेही जायचा आम्हाला हक्क आहे. पण कॅनडाने १९०८ मध्येच नियम करून ठेवला होता की आपल्या देशातून कुठे न थांबता सलग प्रवास करून आलात तरच उतरू देऊ, आणि हिंदुस्थानातून तसा सलग प्रवास तेव्हा जवळपास अशक्यच होता. दोन महिने ते जहाज किनाऱ्यासमोर उभं होतं. माणसं डेकवरून शहर बघत होती, अन्नपाण्याचे हाल चालले होते, आणि शेवटी जेमतेम २४ जणांना उतरू देऊन बाकी सगळ्यांना नौदलाच्या जहाजाच्या धाकाने २३ जुलैला परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर त्याच राजाच्या पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला, त्यात माणसं मेली. २०१६ मध्ये पंतप्रधान ट्रूडोंनी संसदेत माफी मागितली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण मला सांगा, त्या ३७६ जणांच्या कोणत्या उपयोगी पडला तो सामाईक राजा? जे आधीपासून ब्रिटिश कोलंबियात राहत होते त्यांनाही १९४७ पर्यंत मत देता येत नव्हतं, राजा तोच असूनसुद्धा. मत मिळालं ते कायदा बदलला म्हणून. आपलं इथलं सगळं जे काही सुरक्षित आहे ते चार्टर ऑफ राइट्स (घटनेतली हक्कांची सनद), कोर्टं, निवडणुका आणि शेजारीपाजारी यांच्यामुळे आहे, मग माझी निष्ठा तिथे नको का?

आपल्या बाजूने अजून एक गोष्ट आहे जी आपल्याला माहीत असून आपण विसरतो. १८९७ मध्ये टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला समजावलं की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये परत खटला, सहा वर्षं मंडाले. प्रेम नसणं हाच गुन्हा! त्या राजमुकुटाबद्दल ज्या घरांमध्ये अजून या गोष्टी सांगितल्या जातात तिथल्या माणसाला ती ओळ म्हणताना घशात काहीतरी अडकणारच, आणि त्यात कॅनडाबद्दल आकस काडीचाही नसतो. आपल्या देशाने तरी काय केलं, १५ ऑगस्ट १९४७ नंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत सहावा जॉर्ज भारताचा राजा होताच, पण एप्रिल १९४९ मध्ये लंडनला ठरलं की भारत प्रजासत्ताक होईल आणि तरी कॉमनवेल्थमध्ये राहील, राजाला कॉमनवेल्थचा प्रमुख म्हणून मानेल पण त्याच्याशी निष्ठेचं बंधन नसेल. मान ठेवला, निष्ठा ठेवली नाही, आणि त्याने संबंध तुटले नाहीत. आज कॉमनवेल्थमधले ५६ पैकी बहुतेक देश तसेच आहेत. आणि भारताचं नागरिकत्व घेणारा परदेशी माणूस शपथ घेतो ती भारताच्या राज्यघटनेशी निष्ठेची, पुढचे शब्द कायदे पाळण्याचे आणि कर्तव्यांचे, जवळजवळ कॅनडासारखेच. इथलं नागरिकत्व घेतलं की आपल्याला भारताचा पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. घटनेशी असलेली निष्ठा सोडून एका राजाशी निष्ठा जोडायची, हे पुढे जाणं आहे असं मला मनातून वाटत नाही.

आता समोरच्यांचे दोन मुद्दे आहेत जे मला खरोखर वजनदार वाटतात.

एक, सध्याची वेळ. अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला ५१वं राज्य म्हणायला लागले तेव्हा मे २०२५ मध्ये राजा स्वतः ओटावाला आला आणि संसदेत सरकारचं धोरण सांगणारं अधिवेशनाच्या सुरुवातीचं भाषण वाचलं. राजाने किंवा राणीने इथे येऊन ते भाषण वाचायची वेळ १९७७ नंतर पहिल्यांदाच आली होती. आपण अमेरिका नाही हे सांगायला राजा उपयोगी पडतो, आत्ता त्याला हात लावू नका असं माझे कॅनेडियन शेजारी कळकळीने सांगतात, आणि त्यांची काळजी मला कळते, त्या दिवसांत मीही दुकानात मेड इन कॅनडा बघूनच वस्तू घेत होते. पण माझं म्हणणं एवढंच की देश धोक्यात असताना तर नव्या नागरिकाने देशाचं नाव घेऊन शपथ घ्यावी हे जास्त गरजेचं आहे. मी कॅनडाच्या बाजूने उभी राहीन हे मला स्पष्ट शब्दांत म्हणायचंय, आडवळणाने नाही.

दुसरा मुद्दा फर्स्ट नेशन्सचा. त्यांचे करार क्राउनशी, म्हणजे राजपदाशी आहेत, १७६३ ची रॉयल प्रोक्लमेशन (राजाचा जाहीरनामा) त्यांच्या हक्कांचा मोठा आधार आहे, काही करारांखाली अजूनही माणशी वर्षाला पाच डॉलर दिले जातात, रक्कम किरकोळ पण दिलेला शब्द जिवंत आहे याची ती खूण. ट्रुथ कमिशनने सुचवलेल्या शपथेतही राणीचं नाव तसंच ठेवलेलं होतं. म्हणून क्राउन उडवून टाका असं मी म्हणतच नाहीये. करार सरकारवर बंधनकारक आहेत आणि राहतील, त्यासाठी मिसिसागातल्या एका नव्या नागरिकाने राजाशी वैयक्तिक निष्ठा सांगायची गरज नाही, त्याने करार पाळायचं वचन द्यायला हवं आणि ते शपथेत आता आहेच. आणि सगळ्या मूळनिवासींचं मत एक नाही हेही लक्षात घ्या. २०२४ च्या शेवटी युकॉनमध्ये डॉसन सिटीच्या नव्या कौन्सिलने राजाची शपथ घ्यायला नकार दिला, सुरुवात फर्स्ट नेशनच्या एका सदस्यापासून झाली आणि बाकीचे त्याच्या सोबत उभे राहिले, मुदत संपून निवडणूकच रद्द व्हायची वेळ आली होती, मग युकॉन सरकारने वेगळी शपथ चालेल म्हणून मान्य केलं. डॉसन सिटी त्यामुळे कॅनडातून बाहेर पडली नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे करणं शक्य आहे, आणि लोकांचा इथेच गोंधळ होतो. राजाचं पद काढायचं असेल तर १९८२ च्या घटनेच्या ४१व्या कलमाप्रमाणे संसद आणि दहाच्या दहा प्रांतांची संमती लागते, ते आपल्या हयातीत होईल असं मला वाटत नाही. पण नागरिकत्वाची शपथ सिटिझनशिप अॅक्टच्या परिशिष्टात आहे, तो साधा कायदा आहे, साध्या बहुमताने बदलतो, २०२१ मध्ये बदललाच की. ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये नव्या नागरिकांच्या शपथेतून राणीला काढलं, आता तिथे ऑस्ट्रेलियाशी आणि तिथल्या लोकांशी निष्ठा सांगतात, देवाचं नाव घ्यायचं की नाही हेसुद्धा ज्याचं त्याने ठरवायचं. त्यानंतर १९९९ च्या जनमतात त्याच ऑस्ट्रेलियाने राजेशाही ठेवायला कौल दिला. राजा आहे, नाण्यावर आहे, गव्हर्नर जनरल आहे, सगळं जागच्या जागी आहे. क्वेबेकने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या आमदारांसाठी राजाची शपथ ऐच्छिक केली. फेडरल खासदारांसाठी तसंच बिल रेने आर्सेनो या अकेडियन (पूर्व कॅनडातल्या फ्रेंच भाषिक समाजातल्या) खासदाराने आणलं, एप्रिल २०२४ मध्ये ते ११३ विरुद्ध १९७ मतांनी पडलं. पडलं, पण ११३ खासदार बाजूने उभे होते हे कमी नाही, आणि ते बिल खासदारांच्या शपथेबद्दल होतं, आपल्या शपथेबद्दल कोणी जोर लावून मागणी केली तर पाहिजे ना.

आणि आता "आपण बाहेरून आलेले" या वाक्याबद्दल. इथे जन्मलेल्या कोणालाही ही शपथ घ्यावी लागत नाही. माझी मुलगी इथे जन्मली, ती पहिल्या श्वासापासून कॅनेडियन, तिला राजा आवडतो का कोणी विचारणार नाही. घरातल्या लेकीसुनांमध्ये फक्त सुनेनेच उंबरठ्यावर घराण्याचं नाव घेऊन वचन द्यायचं आणि लेकीला काहीच विचारायचं नाही, तसं आहे हे. म्हणजे या शपथेचा भार ज्यांच्यावर पडतो ते आपणच आहोत, फक्त आपण, बाहेरून आलेले. मग यावर आपण नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? इथल्या माणसाला तर ती शपथ काय आहे हेही बहुतेक वेळा माहीत नसतं, मी ऑफिसात विचारून बघितलंय.

मागणीसुद्धा मी अवाजवी करत नाहीये. ज्याला राजाची शपथ घ्यायचीय त्याने जरूर घ्यावी, राणीवर मनापासून प्रेम करणारी माणसं आपल्यातही आहेत आणि त्यांच्या भावनेला मी नावं ठेवणार नाही. पण शेजारी दुसरा पर्याय द्या, की मी कॅनडाशी, इथल्या लोकांशी आणि इथल्या राज्यघटनेशी निष्ठा राखीन, आणि पुढचं सगळं आहे तसं. देवाच्या नावाने शपथ की नुसतं प्रतिज्ञापूर्वक कथन हा पर्याय आजही आहेच ना, त्यात अजून एकाची भर.

काही जणांनी मला विचारलं की मग तुझं बोलावणं आलं तर तू काय करणार. मी जाणार. मला मत द्यायचंय आणि त्यासाठी चार्ल्स रोच यांच्याइतकी किंमत मोजायची ताकद माझ्यात नाही. कोर्टाने सांगितलेला अर्थ, म्हणजे राजा म्हणजे इथली लोकशाही आणि घटना, तोच मनात धरून मी ते शब्द म्हणेन, आणि तो अर्थ मी खरोखर पाळीन. पण पुढच्या माणसाला असा मनात अर्थ धरावा लागू नये म्हणून काम आत्ताच सुरू करायचंय.

तर आता तुमच्याकडून काय हवंय ते. हाउस ऑफ कॉमन्सच्या (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या) ई-पिटिशनला, म्हणजे ऑनलाइन सह्यांच्या अर्जाला, सुरुवातीला पाच समर्थक लागतात, मग एका खासदाराची मान्यता, आणि ५०० सह्या झाल्या की ती सभागृहात मांडता येते आणि सरकारला ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सही करायला नागरिक असण्याची अट नाही, कॅनडात राहणारा कोणीही करू शकतो, म्हणजे पीआर असलेले, वर्क परमिटवर असलेले, स्टुडंट असलेलेसुद्धा. मसुदा मी इंग्रजीत तयार केलाय, फ्रेंच कोणाचं चांगलं असेल तर मदत हवीय, मॉन्ट्रियलच्या मंडळींनी मनावर घ्यावं. आपापल्या खासदाराला कागदावर पत्रही लिहा, ओटावाच्या पत्त्यावर पाठवायला तिकीट लागत नाही. मंडळांच्या कार्यकारिणीला एक विनंती, पुढच्या कार्यक्रमात या विषयावर अर्धा तास द्या, ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनाही बोलवा, मला त्यांचं ऐकायचंय. पाच समर्थकांपैकी दोन मिळालेत, तीन हवेत, गणपतीच्या आरतीला मी रोज हॉलवर असते, तिथे भेटा.

आपली नम्र,
मिसिसागातली एक सातारकर